बुरुलकानची उघडी वही

पहिला दगड नोंदणीच्या खिडकीवर आला तेव्हा बुरुलकान चहात नान बुडवत होती. काच फुटून सगळी तिच्या मांडीवर सांडली. ती उठली, झगा झटकला आणि पहिलं काम काय केलं, तर खांद्यावरची जाड लोकरीची शाल काढून कॉम्प्युटरवर टाकली. स्वतःच्या डोक्यावर काही घ्यावं हे तिला सुचलंच नाही. बाई तशीच आहे, तिला कोण काय सांगणार.

बाहेर अंगणात वरच्या आणि खालच्या गावची मिळून दोनशे माणसं हातघाईवर आली होती. मे महिना, डोंगरावरचा बर्फ अजून म्हणावा तसा वितळला नव्हता, पाट अर्धा कोरडा. वरच्या सारी-बुलाकवाल्यांनी पाटाचं दार बंद करून पाणी आपल्या जर्दाळूंकडे वळवलं आणि खालच्या तेगिरमेनवाल्यांनी सकाळी आठला जाऊन ते दार कुदळींनी फोडलं. ज्या कुदळीनं फळी फुटते तिनं माणसाचं डोकंही फुटतं, हे दोन्ही गावांना आठ वाजून पाच मिनिटांनी कळलं. दहाला शिकारीच्या बंदुका निघाल्या. अकराला जखमी इस्पितळात आले आणि त्यांच्या मागोमाग त्यांना मारणारेही आले, कारण त्यांचेही जखमी तिथेच येत होते. फाटक एकच. मग तिकडे अर्धवट राहिलेलं भांडण इकडे अंगणात पुरं करायला घेतलं, दुसरं काय.

एका जखमीला स्ट्रेचरवरून ओढून खाली पाडलं आणि दोघं त्याच्या छातीवर चढले. अँब्युलन्सचा ड्रायव्हर मध्ये पडला, त्याचे पुढचे दोन दात गेले. एका म्हातारीनं पायातला बूट काढून समोरच्या गावच्या म्हातारीच्या तोंडावर हाणला. गेल्या महिन्यातच दोघी एका लग्नात शेजारी बसून जेवल्या होत्या. आमच्या खोऱ्यातली माणसं एरवी चांगली आहेत हो. पाण्याचा विषय निघाला की ओळखदेख विसरतात.

"बुरुल एजे, संदूक उघडत नाही," ऑपरेशनच्या खोलीतली नर्स धावत आली. एजे म्हणजे आमच्याकडे ताई. तिचे हात कोपरापर्यंत रक्तानं माखलेले.

"मग मी काय करू, तिला लाथ घालू?"

"मोठे डॉक्टर आगाय म्हणतात राजधानीला फोन लावा."

"लावला. आज रविवार आहे म्हणे, सोमवारी नऊनंतर करा. पेशंटचं नाव सांग, मी वही उघडते."

ही संदूक आणि ही वही म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, कारण बुरुलकानचं सगळं आयुष्य त्या दोहोंत गेलंय. ती चोपन्न वर्षांची, आणि तेगिरमेनच्या इस्पितळात नोंदणीच्या खिडकीत बसून एकतीस वर्षं झाली. आठ वर्षांपूर्वी विद्यापीठातून एक लुकडा इंजिनिअर आला आणि त्यानं केसपेपर ठेवायचा एक प्रोग्राम बसवून दिला. कुणाच्या मालकीचा नाही, फुकट, कसा बनवलाय ते ज्याला कळतं त्यानं उघडून बघावं, बिघडला तर दुरुस्त करावा. खोऱ्यातल्या पाच इस्पितळांत आणि खेड्यापाड्यांतल्या वीस दवाखान्यांत तोच बसला. संध्याकाळी दिवसभराच्या नोंदींची नक्कल सगळीकडे जायची. म्हणजे इथली वीज गेली, इंटरनेट मेलं, तरी कालपर्यंतचं सगळं प्रत्येकाच्या कपाटात हजर. ही वही उघडी, म्हणून चव्हाट्यावर मांडलेली नव्हे. डॉक्टर-नर्सलाच बघता यायची. पण बघायला कुणाची दाढी धरावी लागत नसे. बुरुलकाननं तीन हिवाळे बोटं झिजवून चाळीस हजार कागदी केसपेपर तिच्यात चढवले. लोक तिला उघडी वही म्हणायला लागले.

मोठे डॉक्टर आब्दिकेरिम आगाय, आगाय म्हणजे साहेब, त्यांना ही वही डोळ्यांसमोर नको. फुकट म्हणजे फालतू, हे त्यांचं शास्त्र. दोन वर्षांपूर्वी त्यांनी राजधानीतल्या एका कंपनीशी करार केला आणि नवा चकचकीत प्रोग्राम आला. किल्ली कंपनीकडे. दर वेळी उघडताना तो राजधानीला विचारणार, उघडू का. शेजारच्या कारा-दोबोच्या इस्पितळाला आपल्या पेशंटची नोंद हवी असेल, तर त्यांनीही तोच प्रोग्राम घ्यावा, नाहीतर पत्र लिहून वाट बघावी. नर्सांनी त्याचं नाव संदूक ठेवलं. नवरीनं माहेरून आणलेली, पण किल्ली सासूच्या कमरेला. एक जूनपासून उघडी वही बंद करायची असा हुकूम निघाला होता. बुरुलकान तोंडावर "हो आगाय" म्हणायची आणि दोन्हीकडे नोंद करायची. तेरा दिवस उरले होते.

त्या रविवारी छपरावरची इंटरनेटची तबकडी गोळीनं उडाली आणि संदूक ठप्प झाली. मेलीच म्हणा. बुरुलकान टेबलाखाली बसली, कॉम्प्युटर खाली ओढून घेतला आणि शालीच्या आत डोकं घालून एकेक नाव काढायला लागली. याचा रक्तगट बी. याला साखर आहे. याची एकच किडनी आहे, सांभाळा. वर दगड येत होते, खिडकीची चौकट निखळून लोंबत होती, कपाळावरून काहीतरी ओघळत होतं ते तिनं बाहीनं पुसलं आणि पुढचं नाव विचारलं. सर्जन एल्दियारनं एका वेळी तीन टेबलं लावली होती. जे इथे मावेनात ते मागच्या दारानं भाकरीवाल्याच्या गाडीत घालून चाळीस किलोमीटरवर कारा-दोबोला पाठवायचे. तिथे उघडी वही होतीच. तिथली नोंदणीवाली तुरसुनाय बुरुलकानच्याच हाताखाली शिकलेली.

साडेबाराला बुरुलकानच्या थोरल्या दिराला आणलं.

त्यांचं नाव सातिबाल्दी. मी घेतो, मला बंदी नाही. तिला होती. आमच्याकडे केलिन, म्हणजे घरची सून, सासऱ्याचं, थोरल्या दिरांचं नाव तोंडावाटे काढत नाही. दुसरं काही मानाचं नाव ठेवते आणि जन्मभर तेच म्हणते. बुरुलकान त्यांना मिर्झा आके, म्हणजे मिर्झादादा, म्हणायची. तेहतीस वर्षांत एकदा चुकली नाही. माणूसही तसाच होता. नवी सून इस्पितळात नोकरी करणार म्हटल्यावर सगळं घर फुरफुरलं तेव्हा हाच म्हणाला होता, "आमची केलिन लिहिणारी आहे, लिहू द्या तिला. तुम्ही गप्प बसून तिच्या हातचा चहा प्या." पहिल्या दिवशी आपल्या घोड्यावर मागे बसवून त्यानंच तिला फाटकापर्यंत सोडलं होतं.

आता त्याच्या पोटात छर्रे होते. चार जणांनी उखडलेल्या दारावर आडवं घालून आणलं, बरोबर मुलगा सेइत, तीस वर्षांचा दांडगा गडी, वेड्यासारखा वाट करत. बुरुलकान सवयीनं उठून बाजूला झाली आणि मान खाली घातली. पाठीमागून दगड येत असतानाही.

"केलिन," सातिबाल्दी म्हणाला, "आज चहा नको करूस. भोकातून गळेल."

एल्दियारनं पोट चाचपलं. "रक्तस्राव थांबलाय. दोन तास निघतील. कारा-दोबोला न्या, इथे टेबल नाही."

गाडी गेली. बुरुलकानला बरंच वाटलं. तिथे टेबल आहे, तुरसुनाय आहे, वही आहे. पेनिसिलीनचं तिला माहीत होतं: सैन्यात असताना त्याच्या एका इंजेक्शननं मिर्झा आके मरता मरता वाचले होते, सेइतच्या जन्माच्या कितीतरी आधी. जुन्या कागदावर लाल शाईत होतं, तिनंच ते वहीत उतरवलं होतं. ती पुन्हा टेबलाखाली गेली.

मारामारी आता आत शिरली. सारी-बुलाकचे सात-आठ जण कॉरिडॉरमध्ये घुसले, त्यांना तेगिरमेनचा एक बंदूकवाला हवा होता. ज्या कॉटांवर तो नव्हता त्या कॉटाही उलट्या केल्या. एकाचं सलाईन सुईसकट उपटलं. नर्सनं आडवं होऊन दार धरलं, तिचा हात दारात चेंगरला, आणि तो आवाज बुरुलकानला टेबलाखाली ऐकू आला. तेगिरमेनवाले मागून आले. त्यात बुरुलकानच्या सासरचे म्हातारेही, चुलतसासरे धरून पाच जण, हातात काठ्या. ते नोंदणीच्या खोलीत पाठ भिंतीला लावून उभे राहिले. आब्दिकेरिम आगाय आपल्या खोलीला आतून कडी लावून बसले होते, हे जाता जाता सांगून ठेवतो.

तेवढ्यात तारेचा जुना फोन वाजला. मोबाइल कधीच बंद पडले होते.

"एजे, मी तुरसुनाय. तुम्ही आधी पाठवलेले अकराच्या अकरा सापडले वहीत, देवासारखी आहे ती. एकच नाही सापडत. सातिबाल्दी म्हणून, छर्रे लागलेले. मुलाला विचारलं तर म्हणतो बाबांना कधी सर्दीसुद्धा झाली नाही."

बुरुलकानला आठवलं. तीन हिवाळ्यांपैकी दुसऱ्यात, एका दुपारी, सासरच्यांचे केसपेपर समोर आले होते. जे नाव तोंडानं घ्यायचं नाही ते हातानं तरी कसं लिहायचं? संदूकेत काही वर्षांनी पासपोर्ट बघून दुसऱ्या कारकुनानं लिहिलं, ते बरोबर होतं. वहीत तिनं लिहिलं, मिर्झा आके. पुढे कधीतरी नीट करू म्हणाली. आणि वहीत ते मिर्झा आकेच राहिले.

"आहेत ते," ती म्हणाली. "आहेत वहीत."

"कुठल्या नावानं? एजे, लवकर सांगा. डॉक्टर म्हणतायत नोंद नाही म्हणजे हरकत नाही, सुरू करतो."

‘पेनिसिलीन देऊ नका.’ एवढं एकच बोलायचं होतं. पण विचारलं होतं नाव, आणि घाबरलेलं माणूस विचारलेल्याचंच उत्तर द्यायला जातं. समोर पाच म्हातारे. चुलतसासरे तिच्याच तोंडाकडे बघत होते. "आमचे ते... थोरले..." ती म्हणाली. एक श्वास गेला, दोन गेले. "मिर्झा..."

दार तुटून आत पडलं. सारी-बुलाकचा एक जण, डोळ्यांत रक्त उतरलेला, त्याला वाटलं ही पोलिसांना बोलावतेय. त्यानं तिच्या हातातून फोन हिसकला आणि भिंतीवर तीनदा आपटला. बुरुलकान त्याच्या मनगटाला चावली. त्यानं तिला पोटात गुडघा मारला. म्हाताऱ्यांच्या काठ्या त्याच्या पाठीवर पडायला लागल्या, कुणाचं तरी नाक फुटलं, आणि ती त्या सगळ्यांच्या पायांखालून रांगत बाहेर पडली.

समोरच्या भाकरीच्या दुकानात फोन होता. मध्ये अंगण. ती डोकं खाली घालून पळाली, तिच्या खांद्यात एक कुदळीचा दांडा बसला, एकदा ती पडली आणि कुणीतरी तिच्या बोटांवर पाय दिला. दुकानदार दार उघडेना. तिनं वीट उचलून त्याची काच फोडली. नंबर लागेना. पाचव्यांदा लागला.

"पेनिसिलीन देऊ नका," ती ओरडली.

पलीकडून तुरसुनायचं नुसतं रडणं ऐकू आलं. इंजेक्शन देऊन नऊ मिनिटं झाली होती. सातिबाल्दीचा गळा सुजला, तोंड निळं झालं, आणि छर्रे पोटात तसेच ठेवून माणूस गेला. अकराच्या अकरा सापडले होते म्हणून त्यांनी बाराव्याच्या बाबतीतही वहीवर विश्वास ठेवला. त्यांची चूक नाही. कुणीही तेच केलं असतं.

त्या भांडणात एकूण चार माणसं मेली. तीन गोळीनं आणि दांडक्यानं, आणि एक बुरुलकाननं मारला, असं ती स्वतः म्हणते. पण तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं. तिनं ठरवलं असतं तर कधीच कळलं नसतं.

कारण नवव्या दिवशी इस्पितळाच्या सभागृहात चौकशी बसली आणि आब्दिकेरिम आगायनी सगळा दोष वहीवर टाकला. प्रांतातून तीन साहेब आले होते. कंपनीचा माणूस पातळ तळाचे बूट घालून पहिल्या रांगेत बसला होता. मागे दोन्ही गावची माणसं, मध्ये पोलीस, आणि भिंतीकडेनं खोऱ्यातल्या सगळ्या दवाखान्यांच्या नोंदणीवाल्या आणि नर्सा.

"आमच्या प्रोग्राममध्ये मयताची नोंद बिनचूक आहे," कंपनीचा माणूस म्हणाला. "औषधाच्या बाधेसकट."

"होती तर उघडली का नाही?" एल्दियार म्हणाला.

"तो इंटरनेटचा प्रश्न आहे, आमचा नाही."

"आणि या फुकटच्या वहीत," आगाय म्हणाले, "माणूसच नाही. कोणीही यावं, काहीही लिहावं, त्याचं हे फळ. ही आज बंद झाली पाहिजे. जूनची वाट बघायची नाही."

सेइत पुढे बसला होता, दाढी वाढलेली. "जाळा ती वही," तो म्हणाला. "माझ्या बापाला खाल्लं तिनं."

बुरुलकानला गप्प बसता आलं असतं. तिची नोकरी राहिली असती, घर राहिलं असतं. वही तेवढी गेली असती, आणि वहीबरोबर चाळीस हजार माणसं पुन्हा त्या संदूकेत कुलूपबंद झाली असती, पुढच्या अशाच रविवारची वाट बघत. ती उभी राहिली. दुखऱ्या खांद्याचा हात गळ्यात बांधलेला होता.

"वहीत ते आहेत," ती म्हणाली. "वहीची खोट नाही. मी त्यांचं नाव लिहिलं नाही. मी सून आहे त्यांची, म्हणून लिहिलं नाही. फोनवर विचारलं तेव्हाही नाव तोंडातून निघालं नाही माझ्या." ती सेइतकडे वळली. "सातिबाल्दी. सातिबाल्दी त्यांचं नाव."

सेइत बाकं ओलांडून आला. पहिली थप्पड अशी बसली की ती पोलिसाच्या पायांत जाऊन पडली; दुसऱ्यांदा त्यानं लाथ घातली, तिच्या बांधलेल्या खांद्यावरच. ती किंचाळली. तिचा नवरा कालमुरात तिसऱ्या रांगेत होता. तो डोक्यावरची काल्पाक टोपी गुडघ्यावर ठेवून जमिनीकडे बघत राहिला. दोन पोलिसांनी सेइतला आवळून धरला तेव्हा तो लहान मुलासारखा हुंदके देत होता. मला त्याचा राग येत नाही. कालमुरातचा येतो.

बुरुलकान भिंतीला धरून उठली. ओठ फाटला होता. "एकटी मीच नसणार," ती म्हणाली, आणि भिंतीकडेच्या बायकांकडे बघितलं. "बोला गं. तुमच्याकडे असे नाव न लिहिलेले किती आहेत?"

मग तुरसुनाय पुढे आली. "माझ्याकडे चार. सासरे आणि तीन दीर."

"घरी ये, मग बघतो," मागून तिचा सासरा म्हणाला.

"बघा, आब्दिवाली," ती म्हणाली. तेच त्याचं नाव. म्हातारा चाबूक घेऊन उठला. तो तिच्यापर्यंत पोचेस्तोवर सारी-बुलाकच्या दवाखान्याची नर्स म्हणाली, "माझ्याकडे दोन." मग आणखी एक. चाबूक तुरसुनायच्या पाठीवर बसला, एकदा, दोनदा, आणि ती वाकून उभी राहून पुढचं नाव घेत राहिली. सभागृहात पुरुषांचा नुसता गोंधळ, खुर्च्या पडतायत, शिव्या चालल्यात, आणि भिंतीकडेच्या बायका रडत रडत सासऱ्यांची नावं सांगतायत. प्रांताचा साहेब डोळे विस्फारून लिहून घेत होता. तेवीस झाली. तेवीस माणसं खोऱ्यात अशी होती जी आजारी पडली असती तर वहीत सापडली नसती, आणि सगळी त्या सभागृहातल्याच कुणाची ना कुणाची बाप-काका होती. हे ध्यानात आलं तेव्हा आवाज हळूहळू बसला.

वही बंद झाली नाही. संदूकही गेली नाही, करार आहे ना; आता दोन्ही आहेत आणि आगाय अजून मोठे डॉक्टर आहेत. बुरुलकान सासरी परत गेली नाही. कालमुरात ‘जा’ म्हणाला नाही आणि ‘ये’ही म्हणाला नाही. ती बहिणीकडे राहते आणि चालत कामावर येते. खांदा नीट बसला नाही, उजव्या हातानं टाइप करताना दुखतो. नोंदणीला आलेल्या प्रत्येक सुनेकडून ती घरच्या थोरल्यांची नावं तोंडानं वदवून घेते. कागदावर लिहून दिलेलं चालत नाही. काहीजणी चिडतात, काहीजणी तिला निर्लज्ज म्हणून जातात. ती म्हणते, "हो, आहे. सांग आता."

ऑक्टोबरात सेइतची बायको चार महिन्यांचं मूल घेऊन लस टोचायला आली. सेइत मागे उभा होता. बुरुलकाननं मुलाची नोंद घेतली, वजन लिहिलं, आणि ठरलेला प्रश्न विचारला.

"घरात कुणाला औषधाची बाधा?"

"होती," सून म्हणाली.

"कुणाला?"

"याच्या आजोबांना."

"नाव?"

सुनेनं मान खाली घातली, मग वळून नवऱ्याकडे बघितलं. खिडकीपुढे रांग होती, मागच्या बायका ऐकत होत्या. बुरुलकाननं हात कीबोर्डवर ठेवले आणि वाट बघितली. तिला नाव माहीत होतं, तिला टाइप करता आलं असतं. तिनं केलं नाही.

सेइतनं तोंड भिंतीकडे केलं.

"सांग," तो म्हणाला.

सुनेनं सांगितलं, इतकं हळू की बुरुलकाननं तिला पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा ते मागच्या बायकांपर्यंत ऐकू गेलं. बुरुलकाननं लिहिलं, मूल टोचायला आत पाठवलं आणि पुढच्या बाईला बोलावलं. सेइत बाहेर जाऊन गाडीत बसला. तिच्याशी तो अजून बोलत नाही.